होस्टेलची खोली आणि यापोतले घर



दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये आमच्या वडगावच्या धर्मग्रामातली पाच-सहा तरी मुले शिकायला बाहेर पडतात. कोणी पुण्याला, कोणी मंगळूरला, कोणी बेंगळूरला. मिस्सा संपल्यावर फादर त्यांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात, आम्ही स्वयंसेवक मंडळी प्रत्येकाच्या हाती एक छोटे बायबल देतो, आणि दोन-तीन आठवड्यांत पहिला फोन येतो. तो बहुतेक वेळा अभ्यासाचा नसतो. खोलीचा असतो.

यंदाही आला. मुलगी विणकराच्या घरातली. वडगावात मागाचा खडखडाट काय असतो हे इथल्यांना सांगायला नको. त्याच आवाजात मुले निजतात, अभ्यास करतात, मोठी होतात. या मुलीने बारावीला चांगले मार्क मिळवले तेही त्याच आवाजात. होस्टेलमध्ये तिला मिळाली तिसऱ्या मजल्यावरची टोकाची खोली, न्हाणीघराला लागून. भिंतीला ओल. तीन कॉट, दोन टेबले आणि दिवा एकच. ज्या मैत्रिणीबरोबर राहायचे म्हणून दोघींनी मिळून फॉर्म भरला होता, तिला दुसरी इमारत मिळाली.

रविवारी तिच्या आईने आम्हाला गाठले. "पोरगी रात्री फोनवर रडते हो. प्रार्थना करा, आणि वॉर्डनबाईंना एक पत्र पण लिहा की. धर्मग्रामाच्या कागदावर लिहिलं तर ऐकतील." आम्ही हो म्हटले. ओल लिहिली, दिवा लिहिला. मग मावशी जरा थांबल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि त्या दोघी पोरी आपल्यातल्या न्हवेत. एक रायचूरकडची, कन्नडच बोलते. दुसरी कोण ते आडनावावरनं कळतंच. तसं लिहू नका, पण त्यांना समजेल असं लिहा."

आणि आम्ही तसे लिहिले. 'मुलीच्या संस्कारांना अनुरूप सोबत मिळावी' हे गोड वाक्य मावशींचे नव्हे, आमचेच होते. फादर त्या दिवशी निपाणीला गेले होते, म्हणून सहीसाठी पत्र दोन दिवस कपाटात राहिले. त्या दोन दिवसांनी आम्हाला वाचवले, असे आज वाटते.

त्या आठवड्यात आमच्या बायबल वाचनात प्रेषितांच्या कृत्यांचा नववा अध्याय होता. त्याच्या शेवटी एक छोटे वाक्य आहे, ज्यावरून आम्ही आजवर नुसते पुढे सरकत आलो. पेत्र यापो शहरात बरेच दिवस राहिला, आणि राहिला कोणाकडे, तर शिमोन नावाच्या कातडी कमावणाऱ्याकडे. मेलेल्या जनावरांशी रोजचा संबंध असल्यामुळे यहुदी लोक त्या धंद्याला विटाळाचा मानत. वासही असणारच. आपल्याकडे त्या शिमोनाला गावाच्या कोणत्या टोकाला घर मिळाले असते, ते सांगायला नको. पेत्राने तिथे नुसता पाय टाकला नाही, तो तिथे राहिला, जेवला, निजला. पुढे दहाव्या अध्यायात देवाने जे शुद्ध केले त्याला अशुद्ध म्हणू नये हा धडा त्याला मिळतो आणि तो परराष्ट्रीय कर्नेल्याच्या घरी जातो. तो धडा त्याला मिळाला कुठे? त्याच शिमोनाच्या घराच्या धाब्यावर. आमच्या मते हा योगायोग नाही. देवाने पेत्राला आधी खोली दिली आणि मग शिकवण दिली.

आपल्या भागाला हे कळायला यापोपर्यंत जायची गरज नाही. निपाणीहून तासाभरावर कोल्हापूर आहे. शाहू महाराजांनी 1901 पासून तिथे एकेक करून वसतिगृहे काढली. मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत अशी ती निरनिराळ्या समाजांची होती, त्यात 1915 साली ख्रिस्ती मुलांचेही एक होते. खेड्यातल्या मुलाला शहरात डोके टेकायला जागा मिळाली म्हणूनच तो शिकू शकला, आणि या उपकाराला तोड नाही. पण प्रत्येक समाजाचे छप्पर वेगळे होते, आणि त्याचे दुखणे लवकरच दिसले.

1908 साली महाराजांनी अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह काढले. त्याच्या समारंभाला जैन बोर्डिंगमधला एक विद्यार्थी गेला होता. परत आल्यावर त्याला आंघोळ करूनच आत यायला सांगितले. त्याने नकार दिला आणि त्याला बोर्डिंग सोडावे लागले. तो विद्यार्थी म्हणजे भाऊराव पाटील, पुढचे कर्मवीर. ज्याला वसतिगृहातून बाहेर काढले त्याने पुढे काय करावे? 1919 साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 साली साताऱ्यात असे वसतिगृह काढले, जिथे सगळ्या जातींची मुले एका छपराखाली राहत, एकत्र स्वयंपाक करत आणि एका पंक्तीला जेवत. मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. खोली नाकारली गेल्याचे दुःख माणसाला कडू करू शकते किंवा दार उघडायला शिकवू शकते. कर्मवीरांनी दार उघडले.

आता आपल्या स्वतःच्या घराकडे येऊ, कारण ख्रिस्ती माणसाने ही गोष्ट दुसऱ्यांच्या चुका मोजण्यासाठी सांगू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. पहिल्या वसतिगृहात ते आठवडाभरच राहिले, मग दुसरीकडे गेले, आणि शेवटी लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर स्थिरावले. ती मैत्री जन्मभर टिकली. 1920 साली अपुरे शिक्षण पुरे करायला बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा भथेनांनी त्यांना पाच हजार रुपये उसने दिले.

मधल्या काळात, अमेरिका-इंग्लंडहून शिकून 1917 साली ते बडोद्याला नोकरीवर आले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी सराईत ते कसेबसे राहिले, तर अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले दहा-बारा पारशी दारात उभे. एकाच समाजातला एक मित्र, आणि दुसरे हातात काठी घेतलेले. फरक कशाने पडला? आमचे उत्तर साधे आहे. भथेनांनी त्यांच्याबरोबर दिवस काढले होते, काठीवाल्यांना फक्त त्यांची जात कळली होती.

सराईतून निघाल्यावर बाबासाहेब ज्या दोन ओळखीच्यांकडे आसरा मागायला गेले, त्यातला एक ख्रिस्ती होता. तो म्हणाला, पत्नी उद्या येणार आहे, तिला विचारावे लागेल. हे नुसते टाळणे आहे हे बाबासाहेबांना कळले. ते दांपत्य मूळचे ब्राह्मण; नवरा विचाराने बदलला होता, पण बायकोने जुने सोवळे सोडले नव्हते. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात बाबासाहेबांनी हे लिहून ठेवले आहे. त्या दिवशी ते संध्याकाळपर्यंत एका सार्वजनिक बागेत बसले आणि मग मुंबईच्या गाडीने परत गेले.

हा प्रसंग आम्ही त्या दोन दिवसांत पुन्हा वाचला आणि मान खाली गेली. त्या गृहस्थाचे वाक्य आणि आमच्या पत्रातले 'अनुरूप सोबत' हे वाक्य यांत किती अंतर आहे? बाप्तिस्मा झाला, क्रूस गळ्यात आला, पण सोयरीक जुळवताना 'मूळचे कोण' हा प्रश्न आपल्यातही विचारला जातोच. नाताळात आपण गोठा सजवतो आणि पवित्र कुटुंबाला जागा न देणाऱ्या सराईवाल्याला दोष देतो. जागा न देणारा कधी कधी आपणच असतो.

म्हणून मुलांना आणि आईबापांना आमचे सांगणे असे. खोलीविषयी वाईट वाटणे हे पाप नाही. रडू आले तर रडावे, देवाला सांगावे. ओल, गळकी नळी, तुटलेली कडी, रॅगिंग, तब्येतीचा त्रास, असुरक्षितता, यांविरुद्ध लेखी तक्रार करावी आणि निकाल लागेपर्यंत सोडू नये. तिथे 'हा माझा क्रूस' म्हणत गप्प बसणे म्हणजे श्रद्धा नव्हे. बाबासाहेबांनीही दोनदा जागा बदलली. पण खोलीत 'कोण' आहे एवढ्यासाठी खोली बदलू नये. दिवा किती वाजता बंद करायचा, फोनवर कुठे बोलायचे, झाडू कोणी मारायचा, हे पहिल्या आठवड्यात तिघींनी बसून ठरवावे. आपली प्रार्थना आपण करावी, दुसरीची प्रार्थना चालू असताना आवाज कमी करावा. एक सत्र जाऊ द्यावे. जक्कयाच्या घरी उतरायचे येशूने स्वतः होऊन ठरवले, आणि बाहेर लोक कुरकुरत राहिले. कुरकुर बाहेर असते, तारण आत घडते.

आम्ही ते पत्र फाडले. नवे लिहिले, त्यात फक्त ओल आणि दिवा. फादरांनी वाचून सही केली. मावशींना कारण सांगितले तेव्हा त्या रागावल्या. दोन रविवार आमच्याशी बोलल्या नाहीत, आणि तो राग आम्ही सोसला, कारण पहिल्या पत्राला मान डोलावणारे आम्हीच होतो.

होस्टेलमध्ये दुसरा दिवा आला. ओल अजून आहे. मुलींची गट्टी जमली का? अजून तशी नाही. एकीचा गजर पाचला वाजतो आणि ती उठत नाही, अशी तक्रार आहे. पण परवा मावशी स्वतःहून आमच्याजवळ आल्या. सुट्टी संपवून पोरगी परत निघाली आहे, म्हणाल्या, आणि कुंदा तिघींना पुरेल एवढा बांधून दे म्हणून मागे लागली आहे. "अर्धा किलो पुरेल का हो?" त्यांनी विचारले. आम्ही म्हटले, "एक किलो द्या, मावशी."

हे प्रभू, तुला जन्मायला खोली मिळाली नाही, आणि तरी तू आम्हा सर्वांसाठी पित्याच्या घरी जागा तयार करायला गेलास. घरापासून दूर राहणाऱ्या आमच्या लेकरांना सांभाळ. त्यांच्या खोलीत जो कोणी आहे, त्यालाही सांभाळ. आणि आमच्या मनात ज्या खोल्या आम्ही कुलूप लावून ठेवल्या आहेत, त्या उघडायला आम्हाला शिकव. आमेन.