पाणी मुरतंय कुठे?

मे महिन्याचे शेवटचे दिवस म्हणजे हवेचा काही नेम नसतो. सकाळी कडक ऊन, दुपारी घामाच्या धारा, चारच्या सुमारास अचानक अंधारून येतं आणि पाचला पुन्हा जणू काही घडलंच नाही असं लख्ख! ठाण्यातल्या त्या जुन्या इमारतीत, तळमजला आणि वर दोन मजले एवढाच तिचा पसारा, अशा दिवसांत सगळ्यांचं अर्धं लक्ष आभाळाकडे असतं आणि अर्धं गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांकडे.

त्या दिवशीही तसंच झालं. ढग गडगडले आणि सगळ्या मजल्यांवरून बायकामुलं गच्चीकडे धावली. कोणी कुरडयांचा प्लास्टिकचा कागद चारी टोकांनी उचलला, कोणी सांडग्यांची परात पोटाशी धरली, कोणी दोरीवरचे कपडे ओढून काढले. वळवाची सर आली ती जेमतेम दहा मिनिटं. पण तेवढ्यात जिन्यात सगळी मंडळी जमली आणि गप्पांना तोंड फुटलं.

"काय बाई ही हवा! मे आहे की जुलै, तेच कळत नाही," पहिल्या मजल्यावरच्या काकू पदरानं कपाळ टिपत म्हणाल्या.

"आमच्या बंगालमध्ये हिला कालबैशाखी म्हणतात," त्यांच्या समोरच्या घरातले बंगाली शेजारी म्हणाले. वीस वर्षं ठाण्यात काढल्यामुळे त्यांचं मराठी चांगलं पक्कं झालेलं. "एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी वादळ येतं, झाडं पाडतं आणि हवा गार करून जातं."

"माझ्या नणंदेचं बरं आहे," दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या. "ती असते चेन्नईला. तिकडे मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. घराची डागडुजी करायला तिला अख्खा उन्हाळा मोकळा. आमच्याकडे मात्र हे म्हणतात, मृग लागू दे, मग बघू!"

'हे' दोन पायऱ्या वरच उभे होते. ते घाईनं म्हणाले, "अहो, मृग सात-आठ जूनला. अजून मे चालू आहे. भिंतीला जरा ओल आलीय, ती काय पळून जाणार आहे?"

सगळे हसले. हसले नाहीत ते फक्त तळमजल्यावरचे आजोबा. सगळी नोकरी बांधकामांवर देखरेख करण्यात गेल्यामुळे निवृत्तीनंतरही कुठे ओल दिसली, की त्यांचा हात आपोआप भिंतीकडे जाई.

"मृगाचा मुहूर्त आपण पाळतो, पाऊस पाळत नाही," ते म्हणाले. "मुंबईत मान्सून पोचायची हवामान खात्याची सर्वसाधारण तारीख आहे ११ जून. पण २०२३ साली तो आला २५ जूनला, २०२४ साली ९ जूनला आणि २०२५ साली चक्क २६ मेला! १९५०पासूनच्या नोंदींत मुंबईत इतका लवकर तो कधी आला नव्हता. तीन वर्षांत महिन्याभराचा फरक. त्या वर्षी कितीतरी घरांवर ताडपत्री पडायची होती आणि पाऊस येऊन हजर!"

"मग माणसानं करायचं काय?" काकूंनी विचारलं.

"आमचे वडील कोकणात जे करायचे ते. पावसाची तारीख विचारायचीच नाही. ऊन तापलं की कौलं शाकारायला घ्यायची. शाकारणी म्हणजे नुसती फुटकी कौलं बदलणं नव्हे. कौलं उतरवायची, झाडायची, खालच्या रिपा आणि वासे तपासायचे आणि मग कौलं पुन्हा नीट बसवायची. फुटलेलं एक कौल उन्हाळ्यात दिसतं. पावसाळ्यात दिसतो तो कुजलेला वासा."

मग आजोबांनी वहिनींकडे वळून विचारलं, "ओल नेमकी कुठे आलीय?"

"स्वयंपाकघरात. ओट्याच्या वर, मिक्सरच्या बोर्डाशेजारी. गेल्या पावसाळ्यात डाग बशीएवढा होता, आता परातीएवढा झालाय." वहिनी क्षणभर थांबल्या आणि सहज बोलावं तशा म्हणाल्या, "परवाच्या सरीपासून मिक्सरला हात लावला की बोटांना झिणझिण्या येतात. म्हणून मी लाकडी पाटावर उभी राहून वाटण करते."

जिन्यातलं हसणं थांबलं.

"पाटावर उभी राहून?" आजोबांचा आवाज एकदम बदलला. "सूनबाई, आता मिक्सरला हात लावायचा नाही. आणि तुम्ही, आधी वर जाऊन मेन स्विच बंद करा. बाकीचं नंतर बोलू."

वहिनींचे यजमान वर गेले खरे, पण परत आल्यावर त्यांनी शंका काढलीच. "आजोबा, घरात फ्यूज आहे की. काही कमीजास्त झालं तर तो उडेलच ना?"

"हीच तर आपल्या सगळ्यांची गैरसमजूत," आजोबा म्हणाले. "फ्यूज असतो तारा जळू नयेत म्हणून, माणूस वाचावा म्हणून नव्हे. फ्यूज उडायला जेवढा प्रवाह लागतो, त्याच्या कितीतरी कमी प्रवाह माणसाचा जीव घ्यायला पुरतो. ओल्या भिंतीतून, जुन्या वायरीतून तो थोडा थोडा झिरपत राहतो आणि फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही. पाट ओला झाला, किंवा तुझा दुसरा हात नळाला लागला, की मग त्या पाटाचा काय उपयोग?"

यजमान काही बोलले नाहीत. दोन दिवस आपली बायको पाटावर उभी राहून वाटण करते आहे, हे त्यांनी पाहिलं होतं. तिला पाय गार पडायचा त्रास आहे, म्हणून असेल, असं त्यांना वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परवानाधारक वायरमन आला. बोर्ड उघडल्यावर आत पाण्याचे बारीक थेंब जमलेले दिसले. वायरीवरचं आवरण जागोजागी तडकलेलं होतं आणि अर्थिंगची तार बोर्डापर्यंत आली होती, पण जोडलेलीच नव्हती! त्यानं तो बोर्ड काढून समोरच्या कोरड्या भिंतीवर नवा बसवला, अर्थिंग जोडलं, वायर बदलली आणि मेन स्विचजवळ आर.सी.सी.बी. लावून दिला. घरात गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांचा हिशेब हे उपकरण सतत ठेवतं. घरासाठी साधारणपणे ३० मिलिअँपिअरचं घेतात. तेवढ्या विजेची वाट चुकली, की ते डोळ्याचं पातं लवायच्या आत पुरवठा तोडतं. त्यावर एक छोटं बटण असतं. ते अधूनमधून दाबून उपकरण चालू आहे ना, याची खात्री करून घ्यायची, हेही त्यानं वहिनींना दाखवून दिलं.

एवढं झाल्यावर आजोबा यजमानांना घेऊन गच्चीवर गेले. यजमान थेट स्वयंपाकघराच्या वरच्या जागी जाऊन उभे राहिले. तिथे तर एकही भेग नव्हती.

"पाणी जिथे शिरतं तिथे दिसत नाही आणि दिसतं तिथे शिरलेलं नसतं," आजोबा म्हणाले. "ते आतल्या आत उताराची वाट शोधत जातं. पाणी मुरतंय कुठे, ते आधी शोधायचं."

शोध लागला तो चांगला आठ-दहा पावलं पलीकडे. गच्चीवरचं पाणी वाहून जायचं भोक कबुतरांची पिसं, सुका पालापाचोळा आणि मुलांचा हरवलेला प्लास्टिकचा चेंडू यांनी पार बुजलं होतं. त्यामुळे प्रत्येक सरीचं पाणी कोपऱ्यात साचत होतं आणि गच्ची जिथे कठड्याला मिळते तिथल्या केसाएवढ्या भेगेतून खाली उतरत होतं. चेंडू निघाला आणि भोकानं मोठा गळगळ आवाज करत साचलेलं पाणी ओढून घेतलं.

लगेच सिमेंट थापायची यजमानांची तयारी होती. आजोबांनी त्यांना थोपवलं. ओल्या, धुळकट भेगेवर वरून थापलेलं सिमेंट धरत नाही. पुढच्या उन्हात ते पापुद्र्यासारखं सुटतं. तीन दिवस उघडीप मिळाली तशी गवंड्यानं भेग आधी छिन्नीनं मोकळी केली, सुटा गिलावा काढला, जागा साफ केली आणि मगच जलरोधक मिसळलेल्या मालानं ती भरली. वर प्लास्टिकचा कागद आला. माल घट्ट झाल्यावर सात दिवस त्यावर ओलं गोणपाट राहिलं. सिमेंट वाळून पक्कं होत नाही, पाणी पिऊन पक्कं होतं, म्हणून त्याला ओलं ठेवायचं. शेवटी भोकाला बोळा लावून गच्चीच्या त्या भागात चार बोटं पाणी एक दिवसभर साठवून ठेवलं. खाली डाग वाढला नाही. मग बोळा निघाला आणि भोकावर जाळी बसली.

एका घरात काम निघालं की सगळ्या इमारतीला जाग येते. बंगाली शेजाऱ्यांनी आपल्या गॅलरीतली कपडे वाळत घालायची लोखंडी तार काढून टाकली. ती खिडकीच्या गजाला बांधलेली होती आणि तिच्याशेजारूनच दिव्याची वायर गेली होती. पावसाळ्यात अशा तारेत वीज उतरली, की ओला कपडा काढायला गेलेला माणूस तिथेच खिळतो. तिच्या जागी नायलॉनची दोरी आली.

काकूंच्या न्हाणीघरातला नळ वर्षभर टिपटिप गळत होता. "एक थेंब तर आहे," असं काका म्हणत. काकूंनी एका रात्री त्याखाली बादली लावली. सकाळी ती जवळजवळ निम्मी भरलेली! सेकंदाला एक थेंब धरला तरी दिवसाला ८६,४०० थेंब होतात, म्हणजे वीस लिटरच्या घरात पाणी. नळाचा वायसर बदलायला दहा मिनिटंही लागली नाहीत.

काकांना मात्र रंधा चालवायची हौस होती. दमट हवेनं पुढचं दार फुगून चौकटीत अडकत होतं. ते तासून टाकावं, असा त्यांचा बेत. आजोबांनी इथेही हात धरला. लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. आज भरपूर तासलं, तर थंडीत त्याच फटीतून वारा शिरेल. तूर्त कडेला मेणबत्ती घासा आणि पावसाळा संपून लाकूड सुकलं, की वरच्या-खालच्या कडांनाही तेलरंग द्या. त्या कडा कोणाला दिसत नाहीत म्हणून कोऱ्या राहतात आणि ओल तिथूनच शिरते.

मग एका रात्री खरा पाऊस आला. वळवासारखा तोंड दाखवून जाणारा नव्हे, तर बैठक मारून बसणारा. रात्री दोन वाजता वहिनींना जाग आली, तर शेजारी यजमान नव्हते. त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. दिवा न लावताच ते भिंतीवर हात ठेवून उभे होते.

"कोरडी आहे," ते हळूच म्हणाले. जरा वेळानं पुन्हा म्हणाले, "मला सांगायचंस ना गं, झिणझिण्या येतात म्हणून."

"सांगितलं होतं की," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात, मृग लागू दे."

त्यांच्याकडे त्याला उत्तर नव्हतं. बाहेर गच्चीवरचं पाणी नळातून धो धो खाली उतरत होतं. सकाळी वहिनींनी अनवाणी उभं राहून चटणी वाटली आणि ओट्यापुढचा पाट उचलून त्याच्या मूळ जागी, देवापुढे नेऊन ठेवला.