फियाट की अ‍ॅम्बेसेडर?

वडिलांनी ज्या टॅक्सीवर घर चालवले, तशीच एखादी गाडी आपल्याही दारात असावी, असे अनेक मुलांना वाटते. इच्छा चांगली आहे. मात्र पतपेढीच्या कर्जाला हात घालण्यापूर्वी या दोन जुन्या गाड्यांचा स्वभाव समजून घ्यावा, असे आमचे वाचक बांधवांना सांगणे आहे.

प्रीमियर पद्मिनीला मुंबईने शेवटपर्यंत फियाटच म्हटले. ती कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होई. इंजिन अवघे 1089 सीसीचे, ताकद 40 अश्वशक्तीच्या आसपास. पण अंगाने हलकी असल्यामुळे गर्दीत चटकन उचल घेते आणि अरुंद गल्लीतही सहज वळते. अ‍ॅम्बेसेडरचे जुने पेट्रोल इंजिन 1489 सीसीचे असले, तरी देह जड. जुनी डिझेल अ‍ॅम्बेसेडर तर घाटात माणसाचा अंत पाहते! इसुझूचे 1.8 लिटरचे इंजिन 1990 च्या दशकात आले, तेव्हा कुठे ती पळू लागली.

गावाकडचा रस्ता लागला की मात्र पारडे फिरते. मागच्या बाकावर तीन मोठी माणसे, मांडीवर पोरे, डिक्कीत धान्याचे पोते, एवढे घेऊन खड्ड्यांतून जावे ते अ‍ॅम्बेसेडरनेच. ब्रेकच्या बाबतीत दोघीही जुन्या वळणाच्या. ड्रम ब्रेक पाण्यातून गेल्यावर नीट धरत नाहीत. हलका पाय देत ते सुकवावे लागतात. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवावे, हे ओघाने आलेच.

खरा प्रश्न देखभालीचा. फियाटने मुंबईत हजारो घरे चालवली ती वेगामुळे नव्हे. पॉइंट घासणे, प्लग साफ करणे, कार्ब्युरेटर खोलणे ही कामे चालक स्वतः फूटपाथवर करी. उन्हाळ्यात पंपात पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडली, तर पंपावर ओले फडके ठेवून पुन्हा सुरू करी. दिवसाचा धंदा बुडत नसे. आजच्या गाडीचा दिवा लागला की संगणक जोडल्याशिवाय रोग कळत नाही. अ‍ॅम्बेसेडरही हातानेच दुरुस्त होते, पण ती पेट्रोल जास्त पिते. पुढच्या चाकांच्या सांध्यांना वेळेवर ग्रीस नाही मिळाले, तर दोघीही रुसतात.

आज धंद्यासाठी पद्मिनीचा विचार करू नये. मुंबईत टॅक्सीची वयोमर्यादा 20 वर्षांची आहे आणि शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्येच रस्त्यावरून गेली. अ‍ॅम्बेसेडरचे उत्पादनही 2014 मध्ये थांबले. म्हणजे सुटे भाग शोधत हिंडणे आलेच. हौसेसाठीच घ्यायची, तर शहरात राहणाऱ्याने फियाट घ्यावी; वर्षातून चार वेळा कुटुंबकबिल्यासह गावी जाणाऱ्याने अ‍ॅम्बेसेडर. 15 वर्षांनंतर दर 5 वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण, त्यासाठी गाडीची तपासणी आणि पर्यावरण कर, हा खर्च आधीच हिशेबात धरावा.

विकणारा बोनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकवील. इंजिन दुरुस्त होते, सडलेल्या पत्र्याचे काम मात्र खिसा रिकामा करते. म्हणून आधी पायाखालची चटई उचलून तळ पाहावा, दाराच्या खालच्या कडा बोटाने दाबून पाहाव्यात, आणि रंग नवा कोरा दिसला तर तो आताच का दिला, हे विचारावे.