साहसाची तहकुबी

परदेशी स्थिरावलेल्या आपल्या समाजात कैलास-मानसरोवराची यात्रा करण्याची मनीषा बाळगणारे पुष्कळ आहेत. परंतु मुलांचे शिक्षण, घरावरचे कर्ज आणि मायदेशी असलेल्या वृद्ध आईवडिलांची शुश्रूषा ही कर्तव्ये एकामागून एक उभी राहतात, आणि त्या मनीषेची अंमलबजावणी निवृत्तीच्या तारखेपर्यंत तहकूब होते. कर्तव्याला अग्रक्रम देणारा मनुष्य आदरास पात्र आहे, याविषयी दुमत नाही. परंतु ज्या तारखेवर त्याची सारी भिस्त असते ती निवृत्तिवेतनाच्या हिशेबाने मुक्रर झालेली असते. साडेपाच हजार मीटरांहून उंच असलेली डोल्मा-ला खिंड चढण्यास फुप्फुसांचे आणि गुडघ्यांचे जे बळ लागते, त्याच्याशी तिचा काडीमात्र संबंध नसतो. भारत सरकारच्या यात्रेस वयाची कमाल मर्यादा ७० वर्षांची आहे, आणि दरम्यान ज्याने परक्या देशाचे नागरिकत्व पत्करले त्याला तर तिच्यासाठी अर्जच करता येत नाही. आपण थांबलो तरी मुदत थांबत नाही.

यावर वृद्धापकाळी पराक्रम करणाऱ्यांचे दाखले दिले जातात. महर्षी कर्वे १९२९ साली, एकाहत्तराव्या वर्षी, युरोप-अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाले. फ्रान्सिस चिचेस्टर १९६६ साली, पासष्टाव्या वर्षी, शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले आणि वाटेत केवळ सिडनीला मुक्काम करून ती त्यांनी पुरी केली. दाखले खरे आहेत, पण त्यांतून निघणारा निष्कर्ष तहकुबीच्या विरुद्ध जातो. हिंगण्याच्या आश्रमासाठी पायपीट करण्यात आणि वर्गणी गोळा करीत हिंडण्यात कर्व्यांचे मध्यायुष्य गेले होते, आणि चिचेस्टर यांनी १९३१ सालीच टास्मान समुद्र विमानाने एकट्याने ओलांडला होता. त्यांचे उतारवयातले धैर्य हे कधीही खंड न पडलेल्या अभ्यासाचे फळ होते. चाळीस वर्षे तिजोरीत ठेवून साठीनंतर बाहेर काढावा असा तो ऐवज नव्हे.

म्हणून तिशी-चाळिशीतल्या सभासदांना माझी कळकळीची विनंती आहे, की त्यांनी कर्तव्ये सोडू नयेत, पण संकल्पाचा जो अंश आज शक्य आहे तो उद्यावर टाकू नये: जवळच्या डोंगरांत याच वर्षी काही दिवसांची पदयात्रा करावी, प्रकृतीची तपासणी करून घ्यावी, आणि घरच्या मंडळींशी विचारविनिमय करून यात्रेचे वर्ष ठरवून टाकावे. ज्यांचा तो मार्ग वयाने वा व्याधीने बंद झाला आहे, त्यांनी आपल्या शक्तीच्या आटोक्यातले दुसरे साहस निवडून त्याची तयारी आतापासूनच आरंभावी.