बुटांच्या खोक्यातली कॉलेजची फी

गेल्या उन्हाळ्यात आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी मंडळाच्या सहलीला मिसळीची दुसरी फेरी चालू होती. एका मित्राने माझ्या आठ वर्षांच्या मुलाच्या पाठीवर थाप मारली आणि मला सल्ला दिला, "अरे, याला बेसबॉलची कार्डं घेऊन ठेव. दहा वर्षं हात लावू नकोस. कॉलेजची फी सुटेल." आजूबाजूच्या चौघांनी माना डोलावल्या. कुणीही हसलं नाही, म्हणून हा लेख.

आधी पूर्वपक्ष नीट मांडतो, नाहीतर म्हणाल की सोयीचं तेवढंच उचललं. मित्राचा हुकमाचा एक्का होता न्यू यॉर्क यांकीजचा तारा मिकी मँटल. टॉप्स कंपनीने १९५२ साली काढलेलं त्याचं ३११ क्रमांकाचं कार्ड. त्याचा एक अत्यंत सुस्थितीतला नग १९९१ मध्ये ५० हजार डॉलरना विकला गेला होता. तोच नग ऑगस्ट २०२२ मध्ये लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरना गेला. एकतीस वर्षांत अडीचशे पट, म्हणजे दर साल दर शेकडा एकोणीसच्या वर. कुठल्या बँकेची ठेव एवढं देते?

कुठलीच देत नाही. हिशेबही बरोबर आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष तेवढा चुकीचा.

मँटलचं ते कार्ड महाग का, याचं उत्तर कचऱ्यात आहे, अगदी शब्दशः. १९५२ च्या संचाची शेवटची खेप बाजारात आली तेव्हा हंगाम संपत आला होता. पोरांचं लक्ष फुटबॉलकडे गेलं होतं, दुकानदार माल उचलेनात. तो संच ज्याने घडवला त्या साय बर्गरनेच पुढे सांगितलं आहे की न खपलेली खोकी वर्षानुवर्षं गोदामात पडून राहिली, फुकट देऊनही कुणी घेईना. शेवटी १९६० साली त्याने ती कचऱ्याच्या बार्जवर चढवली आणि आमच्याच न्यू जर्सीच्या किनाऱ्यापुढे अटलांटिकमध्ये बुडवली. जी घराघरांत पोचली होती, त्यांचं काय झालं? पोरांनी ती सायकलच्या आऱ्यांत अडकवून फटफट वाजवली, भिंतीवर आपटून डाव खेळले, रबरबँडने आवळून खिशात कोंबली, आणि पोरं सैन्यात किंवा कॉलेजात गेल्यावर आयांनी माळा साफ करताना उरलेली फेकून दिली. एवढ्यातून जे वाचलं, ते महाग झालं. ही टंचाई कुणी ठरवून आणली नव्हती. ही कार्डं पुढे मोलाची ठरतील असं कुणालाच वाटलं नाही, म्हणूनच ती मोलाची ठरली. "दहा वर्षं हात लावू नकोस" असं ज्या वस्तूबद्दल सगळेच एकमेकांना सांगतात, तिच्या बाबतीत हे घडणार कसं?

घडत नाही, आणि त्याचा पुरावा माझ्या गॅरेजमध्ये आहे. तीन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत एका घरासमोर जुन्या सामानाची विक्री लागली होती. तिथे मला बुटांची चार खोकी मिळाली, गच्च भरलेली. सगळी १९८७ ते १९९१ ची कार्डं. १९८७ च्या टॉप्सची ती लाकडाच्या फळीसारखी दिसणारी किनार, कोपरे टोचतील इतके करकरीत. मी चाळीस डॉलर दिले आणि घरी येईपर्यंत मनातल्या मनात स्वयंपाकघर नवं करून टाकलं. शनिवारी खोकी घेऊन कार्डांच्या दुकानात गेलो. म्हाताऱ्या दुकानदाराने एका खोक्याचं झाकण बोटभर उचललं, आत पाहिलं आणि परत ठेवलं. भिंग काढलंच नाही. म्हणाला, "खोकी चांगली आहेत. बूट कुठले होते?"

त्याच्या मागच्या भिंतीला टेकून तसलीच न उघडलेली खोकी छताला लागली होती. झालं होतं असं की १९८० पर्यंत या बाजारात टॉप्सची जवळजवळ मक्तेदारी होती. १९८१ पासून फ्लीअर आणि डॉनरस या कंपन्या उतरल्या, मग स्कोअर, मग १९८९ मध्ये अपर डेक. त्याच सुमारास वर्तमानपत्रांत जुन्या कार्डांच्या किमती झळकू लागल्या आणि अख्ख्या देशाने एकदम ठरवलं की आता फेकायचं नाही. कंपन्यांनी मागेल तितकं छापलं, लोकांनी छापेल तितकं जपलं. प्रत्येक पोराच्या आईने या वेळी माळा साफ केला नाही. आता ती पोरं पन्नाशीला आली आहेत, खोकी तशीच आहेत आणि गिऱ्हाईक नाही.

यावर मित्राचं म्हणणं: ती सामान्य खेळाडूंची कार्डं. उद्याचा तारा आज ओळखायचा. ठीक आहे, ओळखू. १९९१ मध्ये नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत ब्रायन टेलर हा डावखुरा पोरगा न्यू यॉर्क यांकीजने सगळ्यांत आधी निवडला आणि साडेपंधरा लाख डॉलरचा बोनस दिला. त्याचं कार्ड घ्यायला लोकांनी उड्या मारल्या. १९९३ च्या डिसेंबरमध्ये एका मारामारीत त्याचा खांदा निकामी झाला आणि मोठ्या लीगमध्ये तो एकही सामना खेळला नाही. हा नशिबाचा भाग म्हणून सोडून देऊ. मग ज्याचं सगळं नीट झालं त्याचं पाहू. १९८९ च्या अपर डेक संचातलं पहिलं कार्ड केन ग्रिफी ज्युनियरचं. गड्याने ६३० होमरन मारले, २०१६ मध्ये ९९.३ टक्के मतं घेऊन बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. त्याच्यावर डाव लावणाऱ्याची पारख शंभर नंबरी ठरली. पण तीच पारख लाखो लोकांनी केली होती आणि सगळ्यांनी ते कार्ड प्लास्टिकमध्ये घालून ठेवलं होतं. आज ते हवं तेव्हा, हवं तितकं मिळतं. कॉलेजच्या फीचं सोडाच, पुस्तकांचा खर्च निघाला तरी पुष्कळ.

हे कंपन्यांनाही कळलं, म्हणून त्यांनी आता टंचाईच छापायला घेतली आहे. कार्डावर क्रमांक टाकायचा, पन्नासपैकी सातवं, दहापैकी तिसरं, एकपैकी एक. पिचर पॉल स्कीन्सने मोठ्या लीगमधल्या पहिल्या सामन्यात घातलेल्या जर्सीवरचा तुकडा आणि त्याची सही असलेलं असंच एकमेव कार्ड लॉस एंजलिसच्या अकरा वर्षांच्या मुलाला नाताळच्या पाकिटात लागलं आणि मार्च २०२५ मध्ये ११ लाख १० हजार डॉलरना गेलं. मुलाचं कौतुक आहे. पण तसलीच पाकिटं फोडलेल्या बाकीच्या लाखो जणांची बातमी कुणी छापत नाही. आता तर लोक थेट प्रक्षेपणात दुसऱ्याने फोडायच्या खोक्यातला एखाद्या संघाचा वाटा विकत घेतात आणि पडद्याकडे डोळे लावून बसतात. याला आमच्याकडे मुंबईत मटका म्हणत. मटक्याला निदान कुणी छंद म्हणत नसे.

आता राहिली ग्रेडिंगची ढाल. कार्ड पीएसएसारख्या कंपनीकडे पाठवायचं. ते कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्राचा मध्य तपासतात, दहापैकी गुण देतात आणि कडक प्लास्टिकच्या डबीत सील करतात. मग कशाची भीती? पीएसएने डबीत घातलेलं पहिलंवहिलं कार्ड होनस वॅग्नर या जुन्या बेसबॉलपटूचं, १९०९ ते १९११ च्या दरम्यान सिगारेटच्या पाकिटात येणाऱ्या संचातलं. वॅग्नरने छपाईला हरकत घेतल्यामुळे थोडकीच उरलेली ती कार्डं म्हणजे या छंदाचा कोहिनूर. त्या नगाला आठ गुण मिळाले, २००७ मध्ये तो २८ लाख डॉलरना गेला. आणि २०१३ मध्ये बिल मास्ट्रो या नामांकित लिलाववाल्याने कबूल केलं की त्याच्या कडा आपणच कापल्या होत्या. कडा कापलेलं कार्ड नियमाने गुण द्यायच्याही लायकीचं नसतं. मी ग्रेडिंगला फसवणूक म्हणत नाही. पण डबीवरचा आकडा म्हणजे सोन्याचा हॉलमार्क नव्हे, ते एका माणसाचं एका दिवशीचं मत आहे.

खर्चाचं दोन ओळींत आटपतो. ग्रेडिंगचे पैसे, ऑनलाइन विक्रीवर तेरा टक्क्यांच्या आसपास कट, टपाल, विमा. आणि अमेरिकेत अशा संग्राह्य वस्तूंच्या दीर्घकालीन नफ्यावर २८ टक्क्यांपर्यंत कर, जिथे शेअरवर तो जास्तीत जास्त २० आहे. मित्र अकाउंटंट आहे, त्याला हे मी सांगायला नको होतं.

इथपर्यंत वाचून मिसळीच्या टेबलावरचा दुसरा पक्ष खूश झाला असेल. "म्हणजे कागदच ना शेवटी? पोराला हा नादच लावू नये." त्यांच्याशीही माझं भांडण आहे, आणि ते जास्त कडाक्याचं आहे. कारण पैशाच्या मापाने न भरलेली वस्तू फुकट, हे त्यांचंही गणित. मित्राची फूटपट्टी आणि यांची फूटपट्टी एकाच दुकानातली.

जेफरसन बर्डिक हा सिरॅक्यूजच्या कारखान्यातला कामगार. संधिवाताने बोटं आखडलेली. त्याने आयुष्यभर छापील कार्डं जमवली. त्यांची वर्गवारी लावणारी सूचीही त्यानेच केली. वॅग्नरच्या संचाला आज जग 'टी २०६' म्हणतं, तो क्रमांक बर्डिकचा. ३० हजारांहून अधिक बेसबॉल कार्डं, शिवाय इतर लाखो छापील कपटे, हे सगळं त्याने न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन टाकलं आणि तिथे बसून स्वतःच्या हाताने वह्यांत चिकटवलं. जानेवारी १९६३ मध्ये काम संपवलं, मार्चमध्ये वारला. चिकटवलं, बरं का. डिंक लागलेलं कार्ड आजच्या बाजारात जवळजवळ बाद. त्या वह्यांत वॅग्नरही आहे. या देशातला सगळ्यांत थोर कार्डसंग्रह ग्रेडिंगच्या टेबलावर नापास होईल, आणि तरी तो पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयातल्या अडकित्त्यांसारखा एका काळाचं घर उघडून दाखवतो.

म्हणून मी मुलाला कार्डं घेऊन दिली. पाकिटं नाहीत, सुटी कार्डं. दहा वर्षं हात लावायचा नाही हा नियम उलटा केला, रोज हात लावायचा. एकच संच निवडला, टॉप्सचा १९७३ चा, ६६० कार्डांचा. साध्या खेळाडूंची कार्डं डॉलर-दोन डॉलरना मिळतात, खाऊच्या पैशात बसतात. त्यातलं पन्नासावं कार्ड पिट्सबर्गच्या रॉबर्टो क्लेमेंटेचं. आमच्या नगाचे कोपरे मऊ झालेत, मधे एक हलकी घडी आहे, म्हणूनच परवडलं. मुलाने ते उलटलं. बोट आकड्यांवरून फिरवत शेवटच्या ओळीपाशी थांबला. "बाबा, हिट्स बरोबर तीन हजार? एक पण जास्त नाही?" मग त्याला सांगितलं. तीन हजारावी हिट ३० सप्टेंबर १९७२ ला. त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेलं विमान समुद्रात कोसळलं, क्लेमेंटे त्यात होता. कार्ड बाजारात आलं तेव्हा तो नव्हता. मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. नंतर त्याने नकाशात निकाराग्वा शोधला.

त्या कार्डाला मी तीस डॉलर दिले. विकायला गेलो तर वीस येतील.

संचात अजून २१४ कार्डं कमी आहेत. आपल्या मंडळींपैकी कुणी घर घेतलं असेल आणि आधीच्या मालकाचं १९७३ चं एखादं खोकं माळ्यावर राहिलं असेल, तर कळवा, अदलाबदल करू. १९८८ ची मात्र कृपा करून पाठवू नका.