गोड ओझ्याची हमाली

आपल्या संघाच्या स्मरणिकेत दरवर्षी बाजारपेठेच्या प्रश्नांचा ऊहापोह होत असतो. बाजार समितीचा सेस, मालातील घट, उधारीची वसुली, वाहतुकीचा वाढता खर्च हे विषय आपणां सर्वांच्या जिव्हाळ्याचे आहेत, आणि त्यांवर अधिकारवाणीने लिहिणारे बंधूही आपल्यात पुष्कळ आहेत. मी मात्र यंदा अशा एका व्यवहाराविषयी चार शब्द लिहिणार आहे, की जो आपल्या अनेक घरांत सकाळपासून रात्रीपर्यंत अखंड चालतो. परंतु ज्याची नोंद ना कीर्दीत होते, ना खतावणीत. आईबाप कामावर गेल्यानंतर दीड-दोन वर्षांच्या नातवंडास सांभाळण्याचा हा व्यवहार होय.

नातवंड म्हणजे दुधावरची साय, असे आपल्याकडे म्हणतात. म्हण अगदी यथार्थ आहे. तथापि साय आपोआप धरत नाही. कोणीतरी चुलीपाशी उभे राहून दूध तापवावे लागते, ते उतू जाऊ नये म्हणून डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते, आणि नंतर निवेपर्यंत मांजरापासून राखावे लागते. सायीची गोडी सर्वजण सांगतात; चुलीपाशी कोण उभे होते हे मात्र कोणी विचारीत नाही. माझ्या लेखाचा हेतू तेवढाच विचारण्याचा आहे.

पूर्वी हा प्रश्न उद्भवत नव्हता. वाड्यात चार चुलत्या, दोन आत्या, एखादी विधवा आजी आणि दहा-बारा पोरे असावयाची. लहान मूल या कडेवरून त्या कडेवर जात असे. दुपारी कोणाच्या मांडीवर निजले याचा पत्ता त्याच्या आईसही नसे. शेजारधर्म जागा होता आणि ओसरीवरील म्हातारी माणसे हा त्या मुलांचा पहारा होता. आज बेळगाव काय, इंदूर-वडोदरा काय, किंवा हैदराबाद काय, वाड्यांच्या जागी इमारती आल्या, कुटुंबे विभक्त झाली, आणि सुना शिकून बँकेत, शाळेत, दवाखान्यात, संगणकाच्या कचेरीत नोकरी करू लागल्या. यात खेद मानण्यासारखे काहीही नाही. मुलीस शिकवावयाचे आणि सुनेस घरात बसवावयाचे, हा दुटप्पीपणा आपल्या समाजास शोभणारा नव्हे. परंतु एका चालीने दुसरी चाल बदलते, आणि त्या दुसऱ्या चालीची तजवीज कोणी केली नाही, ही वस्तुस्थिती आहे.

हिशेब सरळ आहे. २०१७ साली कायद्यात सुधारणा होऊन पहिल्या दोन अपत्यांकरिता बाळंतपणाची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. ही चांगली गोष्ट झाली. परंतु २६ आठवडे म्हणजे सहा महिने. आणि अंगणवाडीतील अगर बालवाडीतील शिक्षण सुरू होते ते वयाच्या तिसऱ्या वर्षी. मधली अडीच वर्षे कोणाच्या नावे मांडावयाची? पन्नास किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करावी, असेही त्याच सुधारणेने सांगितले आहे. पण आपल्या पेढ्यांवर मुनीम, दिवाणजी आणि हमाल धरून आठ-दहा माणसे असतात. अर्थात मधली ही अडीच वर्षे आजी-आजोबांच्या खात्यावर पडतात.

आता या कामाचे वजन पाहू. कारण वजन हा आपला धंदा आहे. दीड वर्षाच्या मुलाचे वजन सुमारे दहा किलो भरते. त्यास पाळण्यातून काढणे, न्हाणीत नेणे, जिन्यावरून उतरविणे, रडले की खांद्यावर घेणे, हे सर्व मिळून दिवसातून चाळीस वेळा उचलावे लागते असे धरले, तर चारशे किलो होतात. म्हणजे चार क्विंटल. पन्नास किलोच्या पोत्याच्या हिशेबाने आठ पोती. आपल्या वखारीतील तरणाबांड हमाल आठ पोती चढवितो तेव्हा त्याला हमाली मिळते, वर चहा मिळतो. महाराष्ट्रात तर १९६९ साली माथाडी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि त्यांची मजुरी, भविष्यनिर्वाह निधी यांची व्यवस्था लागली. साठी उलटलेली, गुडघे धरलेली आजी तेवढेच वजन रोज उचलते. आणि तिचे पोते तर हात-पाय झाडते, निसटते, केस ओढते, आणि खाली ठेवताच पळू लागते. असे पोते कोणत्याही हमालाने आजवर वाहिलेले नाही.

वेळाचा हिशेबही असाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत एक ते दोन वर्षांच्या मुलाने दिवसातून निदान १८० मिनिटे हालचाल करावी असे म्हटले आहे. मुले हा नियम न वाचताच पाळतात. परंतु तीन तास धावणाऱ्या मुलामागे तीन तास धावणारे माणूसही लागते, याचा उल्लेख तेथे नाही. आपल्याकडे सामायिकाची मर्यादा दोन घटकांची, म्हणजे ४८ मिनिटांची मानली आहे. ज्या घरात दीड वर्षाचे मूल आहे त्या घरातील आजीस सलग ४८ मिनिटे मन स्थिर ठेवून बसावयास मिळते काय, हे प्रत्येकाने आपल्या घरी पाहावे. संध्याकाळची गोष्ट आणखी कठीण. सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा तिचा नियम; आणि नेमक्या त्याच वेळी मुलास भूक, झोप आणि आईची आठवण ही तिन्ही एकदम येतात. सून घरी येईतो दिवेलागण होऊन जाते. मूल मऊ भात खाते, आणि आजी कित्येकदा नुसत्या पाण्यावर नियम सांभाळते.

इतके असूनही या कामात जो आनंद आहे, त्यास तोड नाही, हेही तितकेच खरे. मुलगा लहान होता तेव्हा आपण पेठेत होतो. त्याचे पहिले पाऊल कोणी पाहिले असेल तर ते त्याच्या आईने. नातवंडाचे पहिले पाऊल मात्र आपल्यासमोर पडते. धान्याच्या नमुन्याच्या ताटल्यांत ते बोटे घालते, तुरीस ‘तूल’ म्हणते, मुगास आणि उडदास एकच नाव देते, आणि आपण दुरुस्ती केली की आपल्याच तोंडाकडे अविश्वासाने पाहते. घाऊक व्यापारात चाळीस वर्षे घालविलेल्या माणसासही जोंधळ्याचा एक दाणा इतका न्याहाळून पाहण्याजोगा असतो, हे त्या वेळी नव्याने कळते. ते खांद्यावर झोपी गेले की खांदा अवघडतो. तरी हलावेसे वाटत नाही. शिवाय आपण जे मुलुखाच्या सीमेवर किंवा महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलो, त्यांच्या बाबतीत एक लाभ विशेष आहे. शाळेत नातवंडास इंग्रजी मिळते, गल्लीत कन्नड, हिंदी, गुजराती किंवा तेलुगू मिळते. मराठी त्याला मिळते ती बहुधा आजीच्या तोंडून. ‘जय जिनेंद्र’ म्हणताना हात कसे जोडावयाचे, मुंगीवर पाय न देता कसे चालावयाचे, हेही तेथेच शिकावयास मिळते. पुढे कोणत्याही शिकवणीने ते येणार नाही.

तेव्हा प्रश्न काम करावे की न करावे हा नाही. प्रश्न वाटणीचा आहे. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे, करारात निराळे ठरले नसेल तर सर्व भागीदार नफ्याचे समान वाटेकरी होतात आणि तोटाही त्यांनी समान सोसावा लागतो. नातवंड ही आजी-आजोबांची अशीच भागीदारी आहे. परंतु प्रत्यक्षात काय दिसते? आजोबा स्नान-पूजा आटोपून, मूल न्हाऊन-माखून काजळ-तीट झालेले असताना त्यास घेऊन अर्धा घटका पेठेत मिरवितात, चार लोकांकडून कौतुक करून घेतात, आणि लंगोट ओला होताच “अहो, ऐकलंत का?” म्हणून आजीच्या स्वाधीन करतात. नफा उभयतांचा आणि तोटा एकीचा, अशी ही भागीदारी कोणत्याही लवादापुढे टिकणार नाही. “नातवंडाबरोबर दिवस कसा जातो कळत नाही,” असे आपण पेढीवर बसून म्हणतो. आजीस दिवस कसा जातो हे घटका-घटकाने कळते.

म्हणून माझे म्हणणे असे की, प्रत्येक घराने या कामाचा लेखी नसला तरी तोंडी करार करावा. आपली पेठ आठवड्यातून एक दिवस बंद असते, हमालास सुट्टी मिळते, बैलासही पोळ्याला विश्रांती मिळते. आजीला निदान आठवड्याचा एक पूर्ण दिवस मिळालाच पाहिजे, आणि त्या दिवशी मुला-सुनेने मूल सर्वस्वी आपल्याकडे घ्यावे. रोजच्या दिवसात सामायिकाच्या दोन घटका आणि सूर्यास्तापूर्वीची भोजनाची वेळ ही आजीची राखीव वेळ समजावी. त्या वेळी आजोबांनी पेढीवरून उठून घरी यावे. मूल भरविणे, धुणे, निजविणे ही कामे पुरुषाच्या हातास येत नाहीत, हा समज निव्वळ सोयीचा आहे. ज्याच्या हातास मुठीतील धान्याचा ओलावा कळतो, त्याला ओला लंगोट कळण्यास अडचण पडू नये.

आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने दोन सूचना येथेच कराव्याशा वाटतात. कौतुकापोटी नातवंडास वखारीत नेऊ नये. किडीसाठी आपण ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या वापरतो; त्यांतून सुटणारा वायू प्राणघातक असतो. तसेच चार-पाच वर्षांखालील मुलाच्या हाती शेंगदाणे, फुटाणे देऊ नयेत. ते घशात अडकून श्वास कोंडतो. नमुन्याच्या ताटलीशी खेळू द्यावे, पण डोळ्यांसमोर. आणि आजी थकली म्हणून मुलाच्या हाती मोबाईल देण्याची जी सोपी वाट निघाली आहे, तीही बंद करावी. एक वर्षाच्या मुलास पडदा मुळीच दाखवू नये, आणि दोन वर्षांच्या मुलास तासाभराहून अधिक नाही, असे वर उल्लेखिलेली मार्गदर्शक तत्त्वेच सांगतात. थकलेल्या माणसास मोबाईलचा मोह होतो. म्हणून मोह टाळण्याचा मार्ग थकवा वाटून घेणे हाच आहे.

वडीलधाऱ्यांनीही आपली मर्यादा ओळखावी. सांभाळणे आपल्याकडे असले तरी मूल आईबापांचे आहे. औषध, आहार, लस यांबाबत त्यांचा शब्द अखेरचा मानावा. “आम्ही चार मुले वाढविली,” हे खरे असले तरी ते प्रत्येक वादाचे उत्तर होऊ शकत नाही. काही जुन्या चाली आज वैद्यकशास्त्र निषिद्ध मानते. एक वर्षाखालील मुलास मध चाटवू नये, असे डॉक्टर सांगतात. आपल्या घरांत मध वर्ज्यच असल्याने तेवढा एक वाद तरी आपोआप मिटला आहे.

राहता राहिला समाजाचा भाग. १८९९ साली स्थापन झालेल्या दक्षिण भारत जैन सभेने खेड्यापाड्यांतील मुलांची शिक्षणाची अडचण ओळखून कोल्हापूर, सांगली आदी ठिकाणी बोर्डिंगे चालविली. त्या बोर्डिंगांतून किती घरे वर आली, हे येथे सांगावयास नको. त्या पिढीने आपल्या काळाची गरज ओळखली. आजची गरज पाळणाघराची आहे. आपल्याकडे मंगल कार्यालये आहेत, धर्मशाळा आहेत, पांजरपोळ आहेत. ज्यांत लग्नसराई सोडली तर कित्येक दिवस कुलूप असते, अशी दालनेही आहेत. पेठेजवळील अशा एका दालनात, दोन प्रशिक्षित बाया ठेवून, सकाळी चार तास चालणारे पाळणाघर काढणे आपल्या संघाच्या ऐपतीबाहेरचे खचित नाही.

यावर कोणी म्हणतील की, घरी आजी-आजोबा असताना मूल परक्याकडे कशासाठी? संस्कार घरीच व्हावयास हवेत. हा आक्षेप मी हलका मानीत नाही. परंतु चार तास पाळणाघर आणि उरलेला दिवस घर, असे झाल्याने संस्कार कमी होत नाहीत. उलट विसावलेली आजी गोष्ट सांगते, आणि दमलेली आजी रागे भरते. मुलाच्या मनावर ठसा दोहोंचाही उमटतो. कोणता उमटावा हे आपण ठरवावयाचे आहे.

दुसऱ्या टोकाचे काही लोक म्हणतात की, आम्ही आमची मुले वाढविली, आता त्यांची त्यांनी वाढवावी. तेही मला पटत नाही. जीवांनी एकमेकांस साहाय्यभूत व्हावे, हा तत्त्वार्थसूत्रातील बोध आपल्या जैन प्रतीकाच्या खाली लिहिलेला असतो. त्यातील ‘एकमेकांस’ या शब्दाकडे मी लक्ष वेधू इच्छितो. आजीने सुनेस साहाय्य करावे, आणि सुनेने, मुलाने, आजोबांनी व समाजाने आजीस करावे, तेव्हाच तो बोध आचरणात आला असे होईल. २००७ साली ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा जो कायदा झाला, तो उपेक्षित मातापित्यांसाठी आहे. आपल्या घरांतील आजी उपेक्षित नाही. तिच्यावर सर्वांचे प्रेम आहे आणि त्या प्रेमाखालीच ती दमून जात आहे. तिच्यासाठी कायदा होणार नाही. ती दाद मागणार नाही. उद्या सकाळी पुन्हा मूल कडेवर घेईल.

संघाच्या येत्या वार्षिक सभेत पाळणाघराचा ठराव मी मांडणार आहे. सभासद बंधूंनी त्यास पाठिंबा द्यावा. आणि मतदानास येण्यापूर्वी निदान एक दिवस, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत, नातवंडास एकट्याने सांभाळून यावे, अशी नम्र विनंती आहे.

जय जिनेंद्र.