उठाव संपला, पण कुणासाठी कधी?

येत्या २१ ऑक्टोबरला चंद्रपूर कारागृहातल्या पिंपळापाशी लोक जमतील. १८५८ मध्ये याच दिवशी मोलमपल्लीचे जमीनदार बाबूराव पुल्लेश्वर शेडमाके यांना इंग्रजांनी फाशी दिली. शाळाशाळांत फोटोला हार घातला जाईल, भाषणे होतील आणि दुसऱ्या दिवशी वर्ग पुढच्या धड्याकडे वळेल. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या इतिहास शिक्षकांना आमचे सांगणे असे, की या वर्षी तिथे थांबू नका. फाशीच्या दिवशी गोष्ट संपत नाही. मुलांना खरा इतिहास कळतो तो त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत.

मार्च १८५८ मध्ये बाबूरावांनी राजगड परगणा ताब्यात घेतला. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. एप्रिलअखेर प्राणहिताकाठच्या चिंचगुंडीला तारखात्याचे गार्टलंड आणि हॉल मारले गेले. चांद्याचे डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन यांनी अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंकडे मदत मागितली. त्यांच्या माणसांनी सप्टेंबरात बाबूरावांना पकडून दिले. व्यंकटराव बस्तरात निसटले. १८६० मध्ये बस्तरच्या राजाने त्यांना इंग्रजांच्या हवाली केले. जन्मठेप झाली, मालमत्ता जप्त झाली. अडपल्ली-घोटची ६७ गावे लक्ष्मीबाईंना बक्षीस मिळाली.

आता वर्गाला विचारा, की हा उठाव नेमका कोणत्या दिवशी संपला? बाबूरावांच्या घरच्यांसाठी २१ ऑक्टोबरला. व्यंकटरावांसाठी त्यानंतर दीड वर्षाने, तेही परक्या मुलखात. अहेरीत त्याच काळात जमीनदारी वाढली. आणि त्या ६७ गावांतल्या रयतेचे काय? मालक बदलला, सारा कुणाकडे भरायचा ते बदलले. त्यांना कुणी काही विचारल्याची नोंद सापडत नाही. सिरोंचा तर तेव्हा निजामाच्या ताब्यात होते. १८६० च्या तहाने ते इंग्रजांकडे गेले, म्हणजे तिथल्या घरांना राज्यबदल आला तो इकडची लढाई थंडावल्यावर. पुढे १८६५ आणि १८७८ च्या वनकायद्यांनी जंगलावरचा हक्कच आवळला. त्यात कोण कोणाच्या बाजूने लढले होते, याला काही किंमत उरली नाही.

एक तारीख फळ्यावर ठळक लिहा: १ नोव्हेंबर १८५८. राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा, ज्यात बंडखोरांना माफी होती, फाशीनंतर अवघ्या अकरा दिवसांनी आला. मुले लगेच म्हणतील, अकरा दिवस थांबले असते तर! इथे घाई करू नका. ब्रिटिश प्रजाजनांच्या हत्येत प्रत्यक्ष सहभाग सिद्ध झालेल्यांना त्या माफीतून वगळले होते, आणि चिंचगुंडीचा ठपका बाबूरावांच्या पक्षावर होता. जाहीरनाम्यातली ती अट मुलांनी स्वतः वाचावी. माफीच्या अटी नेहमी जिंकणाराच लिहितो, हे त्यांना तिथे आपोआप दिसेल.

अमेरिकेत १७८३ च्या तहानंतरही असेच झाले. राजाशी एकनिष्ठ राहिलेली सुमारे ६० हजार माणसे देश सोडून गेली, त्यांतली बरीच कॅनडात. इंग्रजांच्या बाजूने लढलेल्या मोहॉक लोकांची मायभूमी तहाने न विचारता दुसऱ्याला दिली. वसाहतीतल्या सगळ्यांना एकच युद्धाचा शेवट मिळाला नाही, हे तिथल्या वर्गांत शिकवतात. आपल्याकडे उदाहरण तालुक्याच्या गावात आहे.

एक गोष्ट मात्र करू नका. नाट्यीकरणाच्या नावाखाली एखाद्या मुलीला 'पकडून देणारी लक्ष्मीबाई' बनवू नका. वर्गात अहेरीची मुले असतात, मोलमपल्ली परिसराचीही असतात. ते नाव तिला वर्षभर चिकटेल. (आणि या लक्ष्मीबाई झाशीच्या नव्हेत, हे आधीच स्पष्ट करा, गोंधळ हमखास होतो.) त्याऐवजी विचारा, सप्टेंबर १८५८ मध्ये अहेरीला कोणत्या बातम्या पोचल्या असतील? दिल्ली पडून वर्ष होत आले होते. झाशीची राणी जूनमध्ये पडली होती. नकार दिला असता तर जमीनदारीचे काय झाले असते? कारण समजून घेणे म्हणजे कृत्य मान्य करणे नव्हे. बाबूरावांचा त्याग आमच्या दृष्टीने मोठाच आहे. पण त्यांच्यासमोर कोणत्या अडचणी, कोणते नातेवाईक-शेजारी उभे होते हे लपवले, तर तो त्याग नुसता पाठांतराचा विषय होतो.

आपल्या हाती आहेत त्या नोंदी बहुतेक इंग्रज अधिकाऱ्यांच्या. हेही मुलांना सांगा, आणि दुसरी बाजू शोधायला पाठवा. गावातल्या म्हाताऱ्यांकडे गाणी आहेत, घराण्यांच्या आठवणी आहेत. गोंडी, माडिया, तेलुगू, ज्या भाषेत सांगतील त्या भाषेतच लिहून घ्या. तारखा जुळल्या नाहीत तरी चालेल, जुळल्या का नाहीत यावरच एक तास जाऊ द्या. असे टिपण आमच्याकडे पाठवा. मूळ भाषेत, शेजारी मराठीसह, आम्ही छापू.