आधी अंतरा लिहा, मग माईक घ्या

औरंगपुऱ्यात, सरस्वती भुवनच्या आसपासच्या भाड्याच्या खोल्यांत हल्ली स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांशेजारी कन्डेन्सर माईक दिसतो. भिंतीला काळा फोम, टेबलावर ऑडिओ इंटरफेस, लॅपटॉपमध्ये कुणाकडून तरी मिळवलेलं सॉफ्टवेअर. आणि गाणं? मुखडा झालाय, अंतरा 'नंतर बघू'. त्या मुखड्याचे अकरा मिक्स मात्र तयार आहेत.

आपल्या घरगुती रेकॉर्डिंगचा खरा आजार आवाजाचा दर्जा नाही, लिहिण्याचा कंटाळा आहे. माईक हप्त्यावर मिळतो. दुसरा अंतरा मिळत नाही, म्हणून आपण माईक घेतो.

'पण भाऊ, क्वालिटी नसेल तर कुणी ऐकत नाही.' ऐकतं कोण आणि कशावर? गुलमंडीच्या गर्दीत, मोबाइलच्या स्पीकरवर, नाहीतर एकच कान चालणाऱ्या इअरफोनवर. तुमचा महागडा रिव्हर्ब तिथे रिक्षाच्या हॉर्नखाली चिरडला जातो. चांगली ओळ वाचते.

वामनदादा कर्डक घ्या. १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्म. अक्षरओळख मोठेपणी झाली, १९४३मध्ये पहिलं गाणं लिहिलं आणि २००४मध्ये जाईपर्यंत हजारो लिहिली. ती गाणी पसरली गायन पार्ट्यांच्या गळ्यातून, हाताने उतरवलेल्या वह्यांतून आणि कर्ण्यातून. कर्णा! गाण्याचा याच्याइतका शत्रू दुसरा नसेल: खालचे सूर गायब, वरचे फाटलेले. तरी भीमजयंतीला गायकाने श्वास घेतला की पुढची ओळ समोरची माणसं म्हणतात. कर्णा फाटका असला तरी यमक नीट बसलेलं होतं, ओळ एका दमात म्हणता येत होती आणि सांगायला काहीतरी होतं.

पैसेवाल्यांचंही वेगळं नाही. ब्रूस स्प्रिंगस्टीनने १९८२च्या जानेवारीत घरी बसून, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर काही गाणी नुसती नमुना म्हणून भरली. नंतर बँडसोबत स्टुडिओत ती पुन्हा वाजवून पाहिली, पण ती बात येईना. शेवटी ती खिशातली कॅसेटच 'नेब्रास्का' नावाचा अल्बम झाली. तिच्यावरून रेकॉर्ड कापताना इंजिनिअरांच्या नाकी नऊ आले, हेही खरं. म्हणजे तंत्र लागलंच. पण ते गाणं तयार झाल्यावर, त्याच्या सेवेला.

शब्दच कळत नसतील इतकं वाईट रेकॉर्डिंग कुणी करू नये, हे मान्य. काही संगीतात आवाज हीच रचना असते, हेही मान्य. पण ते करणारे लोक आवाजावर तेवढीच मेहनत घेतात, जेवढी वामनदादांनी ओळीवर घेतली. प्रीसेट बदलत बसणं ही मेहनत नव्हे.

मला राग याचा येतो की या 'क्वालिटी'च्या धाकाने चुकीची माणसं गप्प बसतात. कन्नडहून, पैठणहून शिकायला आलेल्या एखादीकडे वहीभर गाणी असतात आणि साधा फोन असतो. तिला कुणीतरी सांगतं, 'प्रोफेशनल वाटत नाही, आधी सेटअप कर.' सेटअपला पैसे नसतात. वही पेटीत जाते. इकडे सेटअपवाल्याकडे लिहायला काही नसतं आणि त्याचं गाणं मात्र रिलीज होतं.

तर आज रात्री पंखा बंद करा, फोनचा साधा रेकॉर्डर लावा आणि गाणं पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत म्हणून बघा. मधे कुठे 'इथे बीट येईल' असं सांगावं लागलं, तर फोमचं पार्सल फोडू नका. न फोडलेलं परत करता येतं.